सतरा कोऱ्या ओळी

माझ्याविषयी दोन-तीन ठिकाणी छापून आलं आहे. त्यात एक मजकूर ठरलेला असतो : शिरूरच्या एका शाळामास्तरांचा मुलगा कॉलेजात असतानाच वैद्यकीय संशोधनाकडे वळला आणि त्याच्या प्राध्यापक मॅडमनी सगळ्या वर्गातून त्याची निवड केली. शाळामास्तरांचा मुलगा, हे खरं. निवडीचं जे लिहितात ते मी वाचतो, कात्रण फाइलला लावतो आणि गप्प बसतो. इतकी वर्षं असाच बसलो. आता हात थरथरतो, लिहिलेलं नातसुनेला टंकून द्यावं लागतं, आणि ती विचारते, "आजोबा, हे नक्की छापायचंय?" छापायचंय.

आमचं घर शिरूरच्या बाजारपेठेमागच्या बोळात होतं. दोन खोल्या, पुढं पडवी. सकाळी शेजारचा तेलघाणा करकरायला लागला की उठायचं. स्टँड जवळच, त्यामुळे कंडक्टरच्या पुकाऱ्यावरून आई वेळ सांगायची. नगरची गेली की भाकरी टाकायची, पुण्याची आली की भाजी उतरवायची. हुलग्याचे शेंगोळे ही तिची खासियत. लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात पिठाची वेटोळी सोडली की वास थेट बोळाच्या तोंडापर्यंत जायचा, आणि अण्णा शाळेतून येताना तिथूनच म्हणायचे, "आज मास्तरणीनं बेत केलाय."

अण्णा जवळच्या एका खेड्यात हेडमास्तर होते. शिकवायचे फार चांगलं. त्यांच्या शाळेतली पोरं पावकी-निमकी झोपेत म्हणायची. पण लिहिण्याचा त्यांना मनापासून कंटाळा. आज काय शिकवलं, उद्या काय शिकवणार, हे रोज टाचणवहीत लिहायचं असतं. ते महिनोन् महिने राहायचं. मग डिप्टीसाहेब तपासणीला येणार असं कळलं की आदल्या रविवारी वह्यांचा गठ्ठा घरी यायचा आणि आम्ही सगळे पडवीत, पापड लाटायला बसावं तसे, वर्तुळ करून बसायचो. अण्णा सांगायचे आणि आई, ताई, मी लिहायचो. तीन दौती असायच्या. एकीत निळी शाई, एकीत काळसर, एकीत पाणी घालून फिकी केलेली. चार दिवसांनी दौत बदलायची, टाक बदलायचा. पान भरलं की ताई त्यावरून तळहात घासायची, म्हणजे ते हाताळलेलं दिसायचं. एकदा आईनं एका पानावर चहाच्या कपाचा गोल उमटवला, तेव्हा अण्णा हसून हसून लाल झाले. "शाब्बास! हे तर मलाही सुचलं नसतं." आम्हांला त्यात खोटं काही वाटत नसे. शिकवलेलं तर खरंच होतं. फक्त लिहायचं राहिलं होतं. कोरं पान मात्र अण्णांना सहन व्हायचं नाही. कोरं पान म्हणजे अब्रू गेली, असं ते म्हणायचे. त्यांना दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. मी हात कुठं वळवून घेतला, एवढंच सांगतो आहे.

पुण्याला मेडिकलच्या वसतिगृहात माझ्या खोलीत हमीद तांबोळी आला. दौंडचा, रेल्वे कॉलनीतला. वडील लोको शेडमध्ये फिटर. माझ्या ट्रंकेतले कपडे त्यानं पाहिले. प्रत्येकावर आईनं दोऱ्यानं माझ्या नावाचं अक्षर काढलेलं.

"मास्तर," तो म्हणाला, "चड्डीवर रोल नंबर पण टाकलाय का?"

तेव्हापासून मी मास्तर झालो. सुट्टीत कधी तो शिरूरला यायचा, कधी मी दौंडला जायचो. त्यांच्या क्वार्टरच्या मागून रूळ जायचे. मालगाडी आली की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबायचा, डबे संपेपर्यंत तसाच तोंड उघडं ठेवून बसायचा आणि पुढच्या शब्दापासून चालू व्हायचा. कुणाला त्यात वेगळं वाटत नसे. हमीदचे अब्बा कमी बोलायचे. त्यांच्या नखांतली काजळी कितीही घासली तरी जायची नाही. अम्मी मसुराची आमटी आणि भात वाढायच्या, वरून तव्यावरची सुकी मिरची चुरगाळून. मी दोनदा भात घेतला की म्हणायच्या, "शिरूरला तांदूळ महाग झाला का रे, सुभाष?" आणि तिसऱ्यांदा वाढायच्या.

आज विद्यार्थ्यांना संशोधन शिकायच्या किती वाटा आहेत. सुट्टीतल्या योजना आहेत, कार्यशाळा आहेत, ऑनलाइन अर्ज आहेत, मार्गदर्शक मिळतो. आमच्या वेळी सामाजिक वैद्यक विभागाच्या मॅडम होत्या आणि त्यांच्या खोलीत एक जास्तीचं टेबल होतं. इंटर्नशिप झाली की दोन वर्षं त्या टेबलाशी बसून त्यांच्या हाताखाली काम शिकायचं. जागा एकच. ती ज्याला मिळेल तो संशोधक होणार, बाकीचे दवाखाने टाकणार. शेवटी नावं दोनच उरली, माझं आणि हमीदचं. हमीदला ती जागा माझ्यापेक्षा जास्त हवी होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. "मला लाल-पिवळ्या गोळ्या वाटत बसायच्या न्हाईत, मास्तर," तो म्हणायचा. "का होतं, ते बघायचंय."

मॅडमनी आम्हां दोघांना सुट्टीत काम दिलं. आपापल्या घराजवळचं एकेक गाव घ्यायचं, साठ बायकांची यादी करायची आणि त्यांच्या अंगात रक्त किती आहे ते, म्हणजे हिमोग्लोबिन, मोजायचं. पद्धत साधी होती. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त नळीनं ओढायचं, काचेच्या ट्यूबमधल्या आम्लात सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. रक्ताचा रंग गुळाच्या चहासारखा होतो. मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. जुळला की ट्यूबवरचा आकडा वाचायचा. दहा मिनिटं थांबलं नाही तर रंग पुरता उतरत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. "घड्याळ लावून थांबा," मॅडमनी बजावलं. "आणि जी बाई नाही म्हणेल तिची ओळ कोरी ठेवा. का नाही म्हणाली ते मागं लिहा. कोरी ओळसुद्धा आपल्याला काही सांगत असते."

माझं गाव घोडनदीच्या काठावरचं होतं. नाव लिहीत नाही, तिथं त्या बायकांची नातवंडं आहेत. पहिले चार-पाच दिवस बरे गेले. मग गावात कुणीतरी उठवलं की हे रक्त पुण्याला नेऊन विकतात, आणि दारं लागायला लागली. एका घरात सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या, शेंगा फोडत.

"रगत कशापायी पायजे?"

"तपासायला, मावशी. अंगात किती रक्त आहे ते कळतं."

"किती हाय ते मला ठावं हाय. लई न्हाई. आन् त्यातलं तू आनखी काढून न्हेतो व्हय?"

पलीकडच्या ओट्यावरच्या बायका खो खो हसल्या. मीही हसलो, पण माझे कान तापले. यादीत नाव सुनेचं होतं, शेवंता. ती आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"पोटुशी हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "तिला हात लावायचा न्हाई. हो म्होरं."

मी पुढं निघालो. निघताना शेवंताचा चौकटीवरचा हात मला दिसला. नखं कागदासारखी पांढरी होती. मी डॉक्टर होणार होतो, आणि मला ते दिसलं होतं. इथं मला कुठलीही सबब नाही.

शेवटी माझ्या सतरा ओळी कोऱ्या राहिल्या. दुपारी घरी बसलो होतो. अण्णा जेवून आडवे झाले होते, तेलघाणा थांबला होता, आई चुलीशी होती. मी दोन पेनं घेतली. एकानं थोड्या ओळी भरल्या, दुसऱ्यानं थोड्या. एखादीला कमी, एखादीला बरं, एखादीला मधलंच. पानावरून तळहात घासला. हे सगळं इतक्या सहज झालं की मी मध्येच आईला "जरा पाणी दे" म्हणालो आणि ती देऊनही गेली. शेवंताशी मात्र हात अडला. कमी आकडा लिहिला असता तर तिला औषध सुरू करावं लागलं असतं, मॅडम स्वतः तिला बघायला आल्या असत्या आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी लिहिलं, साडेअकरा.

कागद दिल्यावर मॅडमनी आपला रिवाज सांगितला. एकाच्या यादीतल्या दहा बायका त्या निवडणार आणि दुसऱ्यानं जाऊन त्या पुन्हा तपासायच्या. मला आधी कळलं असतं तर, असं मी पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे. त्या 'तर'पुढं काय म्हणायचं ते मला कधी ठरवता आलं नाही.

मी हमीदच्या गावाला, दौंडपलीकडं भीमेकाठी गेलो. त्याचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळले. त्याच्या कोऱ्या ओळी माझ्याहून जास्त होत्या. एकीच्या मागं त्यानं लिहिलं होतं : 'नवऱ्याचा नकार. दुसऱ्या दिवशी गेलो, नकार. तिसऱ्या दिवशी चहा दिला, नकार कायम.'

हमीद माझ्या गावाला गेला आणि काम आटपून दुपारी सरळ आमच्या घरी आला. आईनं शेंगोळे केले होते. तो नेहमीसारखं तिला हसवेल असं मला वाटलं. तो जेवला, "काकू, बास" म्हणाला आणि हात धुऊन मला स्टँडकडं घेऊन चालला. रसवंतीच्या मागं थांबला.

"धा जनींतल्या चार बायका म्हनत्यात, आमाला कुनी टोचलंच न्हाई. पोरगं दारातनंच म्हागारी गेलं."

"विसरल्या असतील."

"सुई टोचल्याली बाई इसरती व्हय? मास्तर, माझ्याफुडं तरी नको."

मी रसवंतीच्या चरकाकडं बघू लागलो.

"त्या शेवंताच्या सासूला मी आधी माझं बोट टोचून दाखवलं. मग तिचं टोचलं. मग ती म्हनली, बघ बाबा सुनंचं. साडेपाच हाय, सुभाष." त्यानं मला नावानं हाक मारली तेव्हा मी घाबरलो. "सातवा म्हैना हाय तिला. आन् तू साडेअकरा लिवलंय."

"आता काय करू?"

"गुरवारी फेरतपासनीचे कागद द्यायचेत. त्याच्या आधी मॅडमकडं जा, सांग. सतरा ओळी कोऱ्या कर. वरडतील. हाकलायच्या न्हाईत. मी कायबी बोलनार न्हाई, शब्द हाय माझा. पन तू जा."

"आणि जागा?"

"जागंचं मी काय बोललो का?"

दौंडची एसटी लागली आणि तो चढला. मधे तीन दिवस होते. एकदा मी मॅडमच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत कुणीतरी होतं, एवढं कारण मला पुरलं.

गुरुवारी मॅडमनी आम्हां दोघांना बोलावलं. माझा कागद आणि हमीदचा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले. "सहा जणींचं जुळतं," त्या म्हणाल्या. "चौघींचं अजिबात नाही. कुणाचं तरी चुकलंय. आज मला एक नाव कळवायचंय."

हमीद खिडकीबाहेर बघत होता. तो रागावलेला नव्हता. मला बोलायला वाट मोकळी करून देत होता.

मी म्हणालो, "मॅडम, हमीद जरा घाईत असतो. दहा मिनिटं पुरी थांबला नसेल, म्हणून आकडे खाली आलेत. त्या दिवशी तो साडेबाराला आमच्या घरी जेवायला होता. दहा बायका तोवर कशा होतील?"

हे वाक्य मी तयार करून गेलो नव्हतो. ते तिथं तोंडात आलं. आईनं त्याला वाढलेलं ताट मी मॅडमच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवलं.

हमीदनं मान वळवली. मॅडमना तो म्हणाला, "मी सकाळी सहाला सुरुवात केली होती, मॅडम. घड्याळ लावलं होतं." आणखी काही नाही. मी वाट बघत होतो की तो सगळं सांगेल. खरं तर, त्यानं सांगावं असंच मला एका अंगानं वाटत होतं. त्यानं दिलेला शब्द पाळला.

मॅडमनी माझे साठच्या साठ भरलेले कागद हातात घेतले, त्याचे अर्धवट कागद बाजूला सारले. त्या वाईट नव्हत्या. घाईत होत्या, आणि भरलेलं पान माणसाला खरं वाटतं. नाव माझं गेलं.

संध्याकाळी खोलीत हमीदनं आपली वळकटी बांधली. मित्राच्या खोलीत जातो म्हणाला. दारात थांबून एवढंच विचारलं, "औषधाच्या यादीत शेवंता हाय का?"

यादी माझ्या कागदावरून झाली होती. "नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

मी त्या टेबलाशी बसलो. खरं सांगायचं तर काम चांगलं शिकलो आणि पुढं आयुष्यात एकही आकडा बनवला नाही. भीतीच बसली होती. तरुण डॉक्टरांना संशोधन शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. पहिल्या दिवशी मी त्यांना कोऱ्या ओळीविषयी सांगायचो, मॅडमच्याच शब्दांत, आणि ते वहीत उतरवून घ्यायचे. हमीदनं दौंडला स्टेशनजवळ दवाखाना टाकला, असं कानावर आलं. मॅडम गेल्या तेव्हा स्मशानात तो लांब उभा दिसला. मी त्या बाजूला गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीचा फोन आला. "सर, मी सना तांबोळी. एमबीबीएसला आहे. सुट्टीतल्या संशोधन प्रशिक्षणाला अर्ज करतेय. एका ज्येष्ठ संशोधकाचं शिफारसपत्र लागतं. माझे आजोबा तुमच्या वर्गात होते ना? मी येऊ का भेटायला?"

मी म्हणालो, "मीच येतो."

पुण्याहून डेमू लोकलनं दौंडला गेलो. दवाखाना आता हमीदचा मुलगा चालवतो, वर घर. हमीद खुर्चीत बसला होता, गुडघ्यावर शाल. "ये, मास्तर," म्हणाला, जणू मी गेल्याच महिन्यात आलो होतो. सनानं चहा आणला, माझ्यासमोर पत्राचा कागद ठेवला, आणि मी पेन उघडलं. तिला फार उत्साह होता. तिचा विषयही आमचाच होता, वीटभट्टीवरच्या बायकांमधला रक्तक्षय.

"सर, एक विचारू? ज्या बायका नकार देतात त्यांचं काय करायचं? आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणतो, सरासरी टाकून द्यायची, कोण बघतंय."

मी हमीदकडं पाहिलं.

"सांग की," तो म्हणाला. "तू शिकवतोस म्हणं."

घरात त्यानं कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी सांगितलं. दौती, दोन पेनं, शेवंताची नखं, साडेअकरा, आईचं ताट, सगळं. मध्ये स्टेशनातून एक मालगाडी गेली, पण मी थांबलो नाही, आवाज चढवून बोलत राहिलो. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

सना म्हणाली, "त्या शेवंताबाईंचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. ऐकायला लागेल म्हणून.

"जगली," हमीद म्हणाला. "पोरगी झाली. दर बुधवारी मी एसटीनं गोळ्या घेऊन जायचो. पैल्यांदा सासूनं उकिरड्यावर टाकल्या. मग समोर बसून खायला लावल्या."

"तू... माझ्यासाठी?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न.

"तुझ्यासाठी कशाला? तिचा आकडा मी घेतला व्हता."

म्हणजे माझ्या लिहिण्यानं एक बाई मेली नाही, हेही त्याच्या पायपिटीमुळं. मी आजवर ज्या गोष्टीतून सुटलो ती सुटकासुद्धा मला त्यानंच दिली होती, आणि मी त्याच्या जागेवर बसून भाषणं करत होतो.

"म्हणजे ती जागा दादांची होती," सना म्हणाली. आजोबांना ती दादा म्हणते. ती विचारत नव्हती, तरी मी हो म्हणालो.

तिनं टेबलावरचा कागद उचलला. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. आईबाप लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तशी ती हळू होती. "सर, मी पत्र दुसऱ्या कुणाकडून घेते," ती म्हणाली. "चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

हमीदनं शाल सारखी केली. तो तिला थांबवेल असं क्षणभर मला वाटलं होतं.

"चहा घे, मास्तर," तो म्हणाला. "गार व्हतोय."

सही करायला उघडलेल्या पेनाला मी टोपण लावलं आणि कप उचलला.